शेऱ्याचा रकाना

आमच्या भिंगारच्या घरात पहाटेचा पहिला आवाज बिगुलाचा, असं मी तुम्हाला आजवर सांगत आले. इरा, निहार, माझ्या नातवंडांनो, ते पूर्ण खरं नाही. छावणीतला बिगुल वाजण्याच्या आधी आमच्या मोरीच्या दाराची कडी वाजायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंधारात अंघोळ उरकून घ्यायचे. आई उठून चूल पेटवेपर्यंत ते पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून, ओट्यावर पेपरची वाट बघत बसलेले असायचे. लष्कराच्या एका कोठाराच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि आम्ही राहायचो तिथल्या मुलकी नोकरांच्या चाळवजा घरांत, तीन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात सकाळी दोन तास येणारा नळ. वैशाखात सगळी चाळ बनियनवर वावरायची, अण्णा नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारीसुद्धा त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत. माझी आत्या, त्यांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. ती म्हणायची, "आमचा दादा झोपेतसुद्धा साहेबाला भेटायला तयार असतो." आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे. घरात शिस्त म्हणून जे जे होतं, त्यातच आम्ही त्या बाह्याही धरल्या होत्या.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. दिवाळीनंतर एके दिवशी अण्णा कचेरीतून आले ते चहा न घेता बसून राहिले. त्यांची बदली जबलपूरला होणार अशी बातमी होती, अजून कागद हातात नव्हता. त्या दिवसापासून घरात दोन प्रकारचं बोलणं सुरू झालं. एक आमच्यासमोरचं, भाजी-दुधाचं, आणि एक स्वयंपाकघरातलं, दबक्या आवाजातलं, जे मी आत गेले की थांबायचं. आई म्हणायची जबलपूरला यायचं तर आत्याला कुठे ठेवायचं, माझ्या शिक्षणाचं काय. अण्णा काय म्हणायचे ते ऐकू यायचं नाही. मी पुस्तक उघडून बसायचे आणि कान तिकडे. माझ्या डाव्या कोपरावर त्याच सुमारास लाल चट्टा उठला, जुन्या रुपयाएवढा, त्यावर पांढरी पापुद्र्यासारखी खवलं. आठवड्याभरात उजव्या कोपरावर. मग गुडघे. मग केसांत, कानामागे. वेणी घालताना आईच्या मांडीवर पांढरा भुसा पडायचा आणि ती पदराने झटकून टाकायची.

आत्याच्या मते ते गजकर्ण होतं. दूध घालायला शेजारच्या खेड्यातून गयाबाई यायची, डोक्यावर चरवी आणि तोंडाने सतत कोणाची तरी हकिगत. तिने माझा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "माज्या सासूला हुतं की असंच. जमिनीच्या तारखेला कोरटात जायचं म्हनलं की आठ दिस आदी अंगावर खपल्या. तारीख सरली की म्हातारी गुळगुळीत. लई जिवाला लावून घ्यायची ती." आत्या म्हणाली, "गया, तू दूध माप." गयाबाईने दूध मापलं. त्या वर्षात आमच्या घरात माझ्या कातडीविषयी जे जे बोललं गेलं त्यात तेवढं एकच बरोबर होतं, आणि ते आम्ही अंगणातच सोडून दिलं.

आणखी एक शब्द होता. तो आमच्या घरात कोणीच उच्चारत नव्हतं. वस्तीबाहेर रोग्यांना ठेवायच्या जागा तेव्हा सगळ्यांना माहीत होत्या आणि अंगावरचा कुठलाही डाग पाहून माणसांच्या मनात आधी तोच शब्द यायचा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी न सांगता पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी आईकडून पूर्ण बाह्यांची दोन पोलकी शिवून घेतली.

अण्णांनी त्यांच्या पद्धतीने उपाय केला. कचेरीतून ते एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले आणि पट्टीने रेघा मारून चार रकाने आखले. तारीख, आहार, अंग, शेरा. रोज रात्रीच्या जेवणानंतर मी दिवसभरात काय खाल्लं ते सांगायचं, ते लिहायचे. अंगाच्या रकान्यात तीनच शब्द, कमी, मध्यम, जास्त. शेऱ्याच्या रकान्यात, कचेरीत असतो तसा, इतर काही नोंदवण्यासारखं असेल तर. हळूहळू माझ्या ताटातून एकेक पदार्थ उतरत गेला. आधी वांगं, मग दही, मग शेंगदाणे, मग आंबट सगळंच, मग गूळ. रविवारी घरात वांग्याचं भरीत व्हायचं तेव्हा मला दुधीची भाजी आणि फुलका. आई माझ्याकडे न बघता वाढायची. अण्णा वही पुढे ओढून म्हणायचे, "कुसुम, सकाळी काय होतं?" आणि मी परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगायचे. आपल्या खाण्यात एखादी चूक होईल आणि तिचा डाग उद्या अंगावर उमटेल, अशी भीती मला घास घेताना वाटायची. आज कोणी पौष्टिक आहाराचे तक्ते दाखवले की मी अजून ते न वाचता पान उलटते.

संक्रांतीला मामा मला चार दिवस काष्टीला घेऊन गेला. तो तिथल्या शाळेत मास्तर होता, घर शेताला लागून. पथ्याची यादी अण्णांनी लिहून दिली होती, ती मामीने वाचली, घडी घातली आणि मिसळणाच्या डब्याखाली ठेवली. चार दिवस मी भाकरी, ठेचा, वांग्याचं कालवण आणि ताक यांवर होते. आठवडेबाजारातून आणलेल्या बोरांचा फडशा पाडला. सकाळभर मामेबहिणींबरोबर उन्हात बसून हुरडा खायचा, बाह्या कोपराच्या वर दुमडून, कारण तिथे कोणी बघत नव्हतं. स्वयंपाकघरात कोणी दबकं बोलत नव्हतं. मामी बोलायची ती विहिरीपर्यंत ऐकू जायची. परत आले तेव्हा कोपरं जवळजवळ गुलाबी, खवलं नाहीत. अण्णांनी विचारलं आणि मी खोटं बोलू शकले नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. वांगं, ताक, ठेचा, बोरं. अंग, कमी. मग शेऱ्यात लिहिलं, 'काष्टीस. पथ्य मोडले.' पुढे एक प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवसापासून पथ्य पुन्हा सुरू झालं.

मार्चमध्ये परीक्षा आली आणि चट्टे पाठीवर गेले. मला आठवतं, गणिताच्या पेपराला मी डाव्या हाताने डोकं खाजवत होते आणि उत्तरपत्रिकेवर पडलेली पांढरी भुकटी फुंकून टाकत होते, पर्यवेक्षकांना दिसू नये म्हणून. उन्हाळ्यात घरात वाळवणं सुरू झाली. आमच्याकडे कुरडयांचा चीक हाटायचं काम माझं असे. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा तो चीक पातेल्यात शिजायला लागला की एक आंबूस गोड वास येतो आणि कुरडया घालण्याआधी गरम चीक दूध-साखर घालून वाटीत मिळतो. त्या वर्षी मी पळी हातात घेतली तर आत्याने ती हळूच काढून घेतली. "तू आपली कावळे राख, बाई." तिच्या मनात वाईट नव्हतं. वर्षभर टिकवायची वस्तू, आले-गेले खाणार. मी चाळीच्या गच्चीवर पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून, डोक्यावर पंचा घेऊन कावळे राखले. ज्या उन्हाने मला बरं वाटलं असतं त्याच उन्हात मी सगळं अंग झाकून बसले होते. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझे हात आता घरातल्या पिठाला चालत नाहीत.

निकाल चांगला लागला. पुण्याच्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकायला जायचं हे माझ्या डोक्यात आठवीपासून होतं. अण्णांनी घरी बसवून मला इंग्रजी वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे ते त्यांच्याही मनात होतं. कॉलेजने प्रवेश दिला आणि वसतिगृहाचा छापील फॉर्म आला. अण्णांनी तो मोठ्याने वाचला. तिसऱ्या पानावर त्यांचा आवाज थांबला. विद्यार्थिनीला कोणताही संसर्गजन्य त्वचारोग नाही, असा डॉक्टरचा सही-शिक्क्याचा दाखला सोबत आणावा, नाहीतर खोली मिळणार नाही. पुण्यात आमचं कोणी नव्हतं. खोली नाही म्हणजे कॉलेज नाही. हातात बारा दिवस होते.

पेठेतल्या आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझी कोपरं दुरून पाहिली आणि म्हणाले, असं लिहून देणं त्यांना जमणार नाही, याचं नक्की सांगता येत नसतं. त्या संध्याकाळी चट्टे पोटावर आले. पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. दाखला मिळायला हवा म्हणून अंग बरं व्हायला हवं, अंग बरं होत नाही म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून सकाळी नवा चट्टा. मी रोज आरशात पाठ बघायचे आणि उरलेले दिवस मोजायचे. शेवटी आईने सांगितलं, नगरात कातडीचे म्हणून एक तरुण डॉक्टर नवीन आलेत, त्यांच्याकडे जाऊ. अण्णा दोन दिवस हो म्हणाले नाहीत. मला वाटलं, फीचा विचार करत असतील.

जायच्या आदल्या दुपारी आई आणि आत्याने मिळून एक चूक केली. पाहुणे यायचे म्हणून घर आवरतात ना, तसं त्यांनी मला डॉक्टरांसाठी आवरलं. कडुलिंबाचं कढत पाणी, डाळीचं पीठ आणि टाचा घासायची वजरी. "डॉक्टरांसमोर असं खवल्या-खवल्यांचं नको," आत्या म्हणाली, "त्यांना वाटेल घरात स्वच्छता नाही." दोघींनी माझी कोपरं, गुडघे, पाठ घासली. मीही घासली, सगळ्यांत जोरात मीच. खवलं गेली आणि खालून रक्ताचे बारीक ठिपके आले. आईने वजरी खाली ठेवली. तिच्या तोंडून निघालं, "असं घासायचं नसतं याला, मला ठाऊक होतं." आत्याने विचारलं, कसं ठाऊक? आई पाणी ओतायला उठली.

डॉक्टरांची खोली लहान होती, खिडकीला हिरवा पडदा. मी, आई, अण्णा. डॉक्टरांनी माझी पाठ पाहिली आणि विचारलं, हे कोणी घासलं. आईने सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, आता खरा चट्टा कसा दिसतो ते कुठे बघू? जिथे जखम कराल तिथे हा विकार नवा चट्टा काढतो. मग कानामागे, जिथे वजरी पोचली नव्हती, तिथे त्यांनी काचेच्या पट्टीने हलकेच खरवडलं. अण्णांनी वही टेबलावर ठेवली आणि कचेरीतला अहवाल सादर करावा तसं बोलायला लागले. सात महिन्यांच्या नोंदी आहेत, वांगं आणि दही यांचा संबंध संशयास्पद वाटतो, गुळाचा निश्चित नाही. डॉक्टर पानं उलटत होते. मला वाटलं, शिष्टाचार म्हणून. पण ते मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि मग बोट ठेवून वाचू लागले, सावकाश, मोठ्याने.

"'बदलीची पुन्हा बातमी.' अंग, जास्त. 'घरात बोलाचाली.' हे खोडलंय, पण वाचता येतं. अंग, जास्त. 'काष्टीस.' कमी. 'मॅट्रिकची परीक्षा सुरू.' जास्त. 'वसतिगृहाचा फॉर्म आला.' जास्त. साहेब, तुम्ही सात महिने आहाराच्या रकान्यात शोधताय. उत्तर तुम्हीच इथे शेऱ्यात लिहून ठेवलंय."

आई खाली बघत होती. अण्णा वहीकडे बघत होते, जणू ती दुसऱ्या कोणी लिहिली होती. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की हा सोरायसिस असावा, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मूळ अंगातच असतं, कधी घराण्यातून चालत आलेलं, आणि मनावर ताण आला की उसळतो. पण दाखल्यावर सही करायची तर त्यांना खात्री हवी होती, आणि घासून सोलवटलेल्या कातडीवरून ती मिळत नव्हती. म्हणून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे का असं? वडिलांकडे, आईकडे? असेल तर माझं काम सोपं होईल."

बाहेर टांग्याची घंटा वाजली. अण्णा म्हणाले, "नाही." मग आईने तोंड उघडलं. ती त्यांच्याकडे वळली नाही, समोर बघत फक्त म्हणाली, "अहो."

अण्णांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं. बाही दुमडायला त्यांना वेळ लागला, ती दुमडायची सवयच नव्हती. मनगटाच्या चार बोटं वरपासून कोपरापर्यंत माझीच कातडी होती. तीच लाली, तीच पांढरी खवलं, फक्त जुनी आणि जाड. मी सोळा वर्षं या माणसाच्या घरात वाढले होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत पहिल्यांदा पाहत होते. पहाटेची अंघोळ, ती कडी, वैशाखातले शर्ट, सगळं एका क्षणात जागेवर येऊन बसलं. "नोकरीला लागलो त्या साली सुरू झालं," ते डॉक्टरांना म्हणाले, इंग्रजीत, बहुधा मला कळू नये म्हणून, पण ते इंग्रजी त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्या कचेरीतल्या एका शिपायाला अंगावर डाग दिसले म्हणून घरी पाठवलं होतं, तो परत आला नाही. तेव्हापासून त्यांनी बाही खाली केली ती कायमची. लग्नानंतर आईला सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली. बहिणीलाही कळू दिलं नाही. मग माझ्याकडे न बघता ते मराठीत म्हणाले, "मला वाटलं, हिच्या खाण्यात काहीतरी सापडेल."

मी त्यावर पुष्कळ वर्षं विचार केला आहे. ते माझ्या ताटात कारण शोधत होते, कारण तिथे सापडलं नाही तर ते कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं वांगं बंद करून ते स्वतःला माफी मिळवू पाहत होते. डॉक्टरांनी त्यांचा हात आणि माझा कान शेजारी शेजारी पाहिला, खुर्चीत बसले आणि दाखला लिहिला. शिक्का मारताना त्यांनी अण्णांना विचारलं, "ज्या दिवशी मुलीचं जास्त, त्या दिवशी तुमचं?" अण्णा म्हणाले, "माझं मी लिहिलेलं नाही." आणि मग, "पण हो."

आता तुम्हा दोघांसाठी थोडं कोरडं लिहिते, कारण हे मी पुढे नीट वाचून समजून घेतलं आहे. आपली कातडी सतत नवी होत असते. खालची पेशी वर यायला साधारण महिना घेते. या विकारात ती काही दिवसांतच वर ढकलली जाते, म्हणून खवलं साचतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच कातडीवर चाल करून जाते, त्याची ही घाई. आणि कातडीत मज्जातंतूंचं जाळं असतं. आपण घाबरलो की मेंदू सगळ्या अंगाला सावध करतो, त्या तंतूंच्या टोकांतून आणि रक्तातून निरोप जातात आणि आधीच चिडलेली ती यंत्रणा आणखी चिडते. मग चट्टे दिसतात, त्यांची लाज वाटते, त्या लाजेचा पुन्हा ताण. बारा दिवस मी जे भोगलं ते हेच चक्र होतं. ताण म्हणजे एकमेव कारण नव्हे, आणि 'काळजी करू नकोस' म्हटल्याने कोणी बरं होत नाही. मला डॉक्टरांनी डांबराचं मलम दिलं, त्याचा वास माझ्या उशीला दोन वर्षं होता. आज तुमच्याकडे कितीतरी चांगली औषधं आहेत. पण त्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवावं लागतं.

जबलपूरची बदली शेवटी आलीच नाही. पुण्याला जायच्या दिवशी अण्णा मला एकटेच बसपर्यंत पोचवायला आले. ट्रंक टपावर चढवली, खिडकीतून मला दाखला पुन्हा एकदा दाखवायला लावला, तो तिकिटाबरोबर ठेवू नको असं बजावलं. ती वही त्यांनी मला दिली नाही, मीही मागितली नाही. ती मला पुढे, ते गेल्यावर, त्यांच्या कपाटात मिळाली. मी घरातून निघाले त्या तारखेला शेवटची नोंद आहे. आहार कोरा, शेऱ्यात 'कुसुम पुण्यास.' आणि अंगाच्या रकान्यात, नंतर वेगळ्या शाईने, 'माझे, जास्त.'

बस निघाली तेव्हा त्यांनी डावी बाही दुमडली. घाईने, वेडीवाकडी, कोपरापर्यंत. स्टँडवर ओळखीची माणसं होती, कचेरीतले एक गृहस्थही होते. अण्णांनी तो हात वर केला आणि मला दिसेल असा धरला. बस वळताना मी मागे पाहिलं, तर ते मान खाली घालून बटण लावत होते. त्यांना तेवढंच जमलं. पण जितका वेळ तो हात वर होता, तितका वेळ मी तो पाहिला, आणि वसतिगृहात पहिल्या संध्याकाळी नळावर शेजारच्या मुलीने माझ्या कोपराकडे बोट दाखवलं, तेव्हा मी बाही खाली ओढली नाही. सोरायसिस आहे, लागत नाही, वडिलांनाही आहे, असं सांगितलं आणि कपडे पिळत राहिले.

इरा, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू परीक्षेचं सांगत होतीस. तिकडे उन्हाळा आहे, निहार बनियनवर होता, आणि तू स्वेटरची बाही तळहातापर्यंत ओढून धरली होतीस. मी तेव्हा काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी मी बिनबाह्यांचा ब्लाउज घालून बसणार आहे. माझी कोपरं आधी बघून घे.